टीप क्रमांक सात

चार पानं. दुर्योधन कटरेच्या झेरॉक्सवर
पानाला तीन रुपये, बारा झाले.
हाही एक खर्चच, पण तो माझा.

कोसमटोला मँगनीज लिमिटेड, डिसेंबरअखेरची तिमाही.
माझे शेअर सहाशे, डाकघरातून सुटलो तेव्हाच्या पैशातले.
एकतीस वर्षं दुसऱ्यांची पासबुकं वाचली,
म्हातारपणी स्वतःचं काही वाचायला हवं होतं.

प्रतिटन खर्च होता चार हजार एकशे ऐंशी,
आता तीन हजार तीनशे दहा.
नागपूरहून भाच्याचा फोन: मामाजी, पेढे वाटा.
म्हटलं, थांब बापा, चष्मा पुसू दे.

आकडा खाली आला म्हणजे कुठून तरी उतरला,
आणि उतरला तो कुठे तरी जाऊन बसला असणार.
रोकड फारच सहज जुळली की पुन्हा मोजायची,
एवढं डाकघरानं शिकवलं.

माल तेवढाच उचललेला, अकरा हजार दोनशे टन.
मनीऑर्डरच्या जुन्या फॉर्मच्या पाठीवर वजाबाकी मांडली:
सत्त्याण्णव लाख गेले कुठे?

एकसष्ट लाख सापडले शेवटच्या पानावर.
टीप क्रमांक सात, मुंगीच्या अक्षरात:
वरची माती काढण्याचा खर्च
या तिमाहीपासून मालमत्तेत धरला आहे.
मी खिडकीतून मालमत्ता पाहिली.
लाखोळीच्या बांध्यांपलीकडे तांबूस ढिगारा,
त्यावर बाभळी,
आणि रहांगडालेच्या तीन बकऱ्या
मालमत्तेवर चढून मालमत्ता खात होत्या.

एकोणीस लाख विजेचे. त्याला टीप नाही.
ते सापडले रात्री, पाणी प्यायला उठलो तेव्हा.
किती दिवस झाले, मला अशी जाग का येते?
खाणीतला पंप.
त्याच्या ठोक्यावर झोपायची सवय अंगाला.
दिवाळीपासून तो वाजलेला नाही.

पंप बंद, तर पाणी चढणार.
पाणी चढलं, तर खालचा थर बुडाला,
आणि चांगला माल खालीच, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.
मग अकरा हजार टन?
काट्याजवळचा काळा ढीग
पोळ्याला शाळेच्या छपराएवढा होता,
आता त्याच्यामागचा हातपंप दिसतो.
तिमाहीच्या तक्त्यात याला काटकसर म्हणतात.

उरले सतरा लाख. कंत्राटी मजुरी.
त्या सतरा लाखांतला थोडासा भाग
पारावर बसून दात कोरत होता.
झिबल उईके, रातपाळीचा पंपवाला.
विचारलं, काय रे, कामावर नाही?
म्हणाला, पंपच बंद हाये जी, मी काय राखू?
मग हसला. पाण्यात मासोळ्या झाल्या म्हणते लोकं.

शेअर पाच टक्क्यांनी वर चढला.
फोनवर हिरवा आकडा, त्याखाली विकण्याचं बटण.
दाबलं की हे कागद जातील
सुरतेच्या नाहीतर इरोडच्या कुणाकडे,
ज्यानं हा पंप कधी ऐकलाच नाही,
त्याला तो थांबल्याचं कसं कळावं?
आतली बातमी म्हणावी, तर तीही नव्हे.
रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही
ती ऐकू येत नाही.

कंपनीला पत्र टाकलं, एका ओळीचं:
पंप केव्हा सुरू होणार?
पोचपावती आली. सही वाचता येत नाही,
शिक्का मात्र सुबक उमटलाय.

तीनशे विकले.
तीनशे ठेवलेत, का ते भाच्याला सांगता आलं नाही.
रात्री जाग येते
तेव्हा कूस बदलत नाही,
डावा कान जरा बरा आहे, तो वर ठेवून
पडून राहतो.